अंदाजपंचे नव्हे

“सर, नेमकं उत्तर सापडत नाही म्हणून जवळपासचं घ्यायचं, म्हणजे अंदाजपंचेच झालं की हो!” बेळगावात अल्गोरिदम, म्हणजे संगणकानं प्रश्न सोडवायच्या रीती, शिकवतो म्हटलं की विद्यार्थी आणि त्यांचे पालक, दोघंही हेच म्हणतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

खानापूर तालुक्याचा नकाशा घ्या. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा, शिवाय जंगलातल्या वाड्या. पाच दवाखाने असे काढायचे की सर्वांत लांबच्या गावालाही कमीत कमी अंतर पडावं. गावं आणि दवाखाने दोन्ही वाढत गेले की सर्वोत्तम निवड झटपट काढून देणारी रीत कुणालाच ठाऊक नाही.

संगणकशास्त्रज्ञ गोन्झालेझ यांनी १९८५ साली मांडलेली, जवळपासचं उत्तर देणारी रीत साधी आहे. पहिला दवाखाना कुठल्याही गावात. पुढचा प्रत्येक, आधीच्या सगळ्यांपासून सर्वांत दूर राहिलेल्या गावात. पाच झाले. आता सर्वांत दूरच्या गावाला जवळचा दवाखाना समजा १० किलोमीटरवर आहे. मग ही पाच गावं आणि ते सहावं, यांतली कुठलीही दोन घ्या, मध्ये निदान १० किलोमीटर आहेतच. आता कुणीही, कितीही हुशारीनं पाच दवाखाने मांडू देत. गावं सहा, म्हणजे त्यांतल्या दोघांच्या वाट्याला एकच दवाखाना येणार आणि एकाला तरी ५ किलोमीटर जावंच लागणार. सर्वोत्तम उत्तर आपण पाहिलेलंही नाही, तरी ते ५ च्या खाली जात नाही हे सिद्ध झालं. आपलं १०. दुपटीच्या आत! मला गणितात याहून सुंदर युक्तिवाद फार थोडे भेटलेत. अंतर चोर्ला घाटाच्या वळणांनी मोजलं तरी तो तसाच टिकतो.

दुप्पट फार वाटते? फेडर आणि ग्रीन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की सपाट कागदावरच्या बिंदूंसाठीसुद्धा सुमारे १.८२ पटीच्या खालची हमी झटपट मिळवणं मूळ प्रश्न सोडवण्याइतकंच अवघड आहे. उलट सगळी गावं फिरून परत येण्याचा सर्वांत छोटा फेरा घ्या. तोही तितकाच अवघड, पण अरोरा आणि मिचेल यांनी १९९० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवलं की सरळ रेषेतल्या अंतरांसाठी एक टक्का म्हणा, अर्धा म्हणा, हवं तितकं जवळ जाता येतं. त्याबद्दल दोघांना संगणकशास्त्रातलं २०१० चं गोडेल पारितोषिक मिळालं. फेऱ्यात अंतरांची बेरीज होते, त्यामुळे छोटे वळसे एकूण लांबीत सामावून जातात. दवाखान्यांच्या प्रश्नात मात्र सगळा निकाल एका सर्वांत लांबच्या गावावर ठरतो.