भिंतीतला जोड

चार महिने आमचं इंटरनेट दिवसातून सात-आठ वेळा जायचं. दोन-तीन मिनिटं मोडेमचा दिवा लुकलुकायचा आणि आपोआप स्थिर व्हायचा. मी व्हिडिओवरून दुभाषाचं काम करते. एका खिडकीत रुग्ण, दुसरीत डॉक्टर, आणि मध्ये मी. अर्ध्या वाक्यात लाइन गेली की ते दोघं एकमेकांचं तोंड बघत बसतात, आणि ते अर्धं वाक्य कधीकधी गोळी किती घ्यायची याचं असतं. त्यामुळे हे प्रकरण मला नुसतं गैरसोयीचं वाटत नव्हतं.

वायफायवर संशय घेणं सगळ्यात सोपं, म्हणून आधी तो काढून टाकला. लॅपटॉप नेटवर्कच्या वायरने थेट मोडेमला जोडला, तरी तेच. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा लाइन सुरू होती. बाहेरच्या पेटीत त्यांनी सिग्नल मोजला, तो उत्तम निघाला. त्यांचं मोजमाप बरोबरच होतं, हे मला पुढे कळलं.

मग मी ब्राउझरमध्ये मोडेमचं स्वतःचं पान उघडलं. बहुतेक केबल मोडेममध्ये, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट आणणाऱ्या मोडेममध्ये, ते १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर असतं. तिथे प्रत्येक चॅनलची पातळी डीबीएमव्ही या एककात दिसते. शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट, आणि एकाचा फरक म्हणजे एक डेसिबल. येणारा सिग्नल उणे सात ते अधिक सातच्या आत असला की निर्धास्त राहावं. माझा उणे नऊ होता. आणखी बोलका होता उलट दिशेचा आकडा, म्हणजे मोडेम किती जोर लावून बाहेर पाठवतोय तो. माझा मोडेम ५१ वर होता, जवळजवळ त्याच्या कुवतीच्या टोकाला. पलीकडून ऐकू जात नाही असं कळलं की मोडेम आवाज चढवतो. चढवायला जागाच उरली नाही, तर एखादा छोटा धक्काही पुरतो. मोडेमच्या नोंदवहीत 'टी३ टाइमआउट'च्या ओळी एकाखाली एक होत्या: मोडेमने विचारलं, उत्तर आलं नाही. स्पीड टेस्टमध्ये यातलं काहीही दिसत नाही, आणि मी कित्येक आठवडे तीच पुन्हापुन्हा करत होते.

केबल घरात शिरते तिथे मोडेम उचलून नेला आणि थेट जोडला. येणारा अधिक तीन, जाणारा ४१. रात्रभर तसाच ठेवला. एकही नोंद नाही. म्हणजे दहा-बारा डेसिबल घरातल्या घरात कुठेतरी गळत होते. तीन डेसिबल गेले की शक्ती निम्मी होते, दहा गेले की दहावा हिस्सा उरतो.

त्यातले सात लगेच सापडले. माळ्यावर टीव्हीच्या काळातला चार तोंडांचा स्प्लिटर होता, म्हणजे एका केबलचे फाटे करणारी डबी. अशा स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडाला साधारण सात डेसिबल कमी मिळतात, पुढे काही जोडलेलं असो वा नसो. आमची तीन तोंडं उघडीच होती. तिथून सिग्नल परत फिरतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. उघड्या तोंडावर ७५ ओहमचं टोपण तरी लावायला हवं. मला फाटेच नको होते, म्हणून स्प्लिटर काढून दोन केबल एका सरळ जोडाने जोडल्या. आकडे झाले उणे दोन आणि ४५.

मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी दोनदा लाइन गेली, पातळी चांगली असूनही.

इथे मला थांबून विचार करावा लागला. पातळी एका क्षणाची असते, आणि बिघाड येऊन-जाऊन होता. म्हणून पानावरचा दुसरा रकाना धरला: दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांची संख्या. मोडेम सुरू ठेवून एकेका जोडाजवळची केबल हलक्या हाताने हलवायची आणि पान ताजं करून तो आकडा बघायचा. माळ्यावर काही नाही. मोडेमपाशी काही नाही. कपाटामागच्या भिंतीतल्या सॉकेटची पट्टी उघडून मागची केबल हलवली आणि आकडा शेकड्यांनी उडाला. कपाटाचं दार जोरात लागलं की तीच केबल हलत होती.

कनेक्टर पिळून बसवायच्या जातीचा होता, हाताने ओढताच निघाला. आतली तांब्याची तार हिरवट पडली होती आणि बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू तिच्या अगदी जवळ आला होता. दोघांचा स्पर्श झाला की सिग्नल संपला.

केबल आरजी-६ या नेहमीच्या जातीची होती, बरी होती; टोक कापून नवं केलं. मधली तार सहा-सात मिलिमीटर उघडी, जाळी पूर्ण मागे दुमडलेली, एकही तंतू पुढे नाही, पांढरं आवरण कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट. मग दाबून बसवायचा कनेक्टर, त्याच्याच हत्याराने. साध्या पक्कडीने तो नीट बसत नाही, त्या हत्याराचे पैसे वाचवू नयेत. जोड हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त पिळलं तर सॉकेटच फिरतं. केबल जिथून घरात येते तिथली अर्थिंगची तार मात्र सोडवू नका, ती सुरक्षेसाठी आहे.

मध्यंतरी मला सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर लावायचा सल्ला मिळाला होता. लावला नाही याचं समाधान आहे. तो गोंगाटही तितकाच वाढवतो, आणि काहींमध्ये उलट दिशेचा मार्गच नसतो.

आज एकोणीस दिवस झाले. नोंदवहीत एकही टी३ नाही. येणारा अधिक एक, जाणारा ४३, हे दोन आकडे तारखेसह कागदावर लिहून मोडेमच्या मागे चिकटवले आहेत.