चावीचं जुनं मशीन: सर्व्हिसिंग पूर्ण, डायलला हात नाही

टेबलावरचं जुन्या घड्याळाचं मशीन १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आस टेकवायचे खडे), चावीचं, तासाला १८,००० ठोके देणारं. लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स, म्हणजे पुढे-मागे झुलणारं चाक, किती फिरतं तो कोन) ५२ अंश धरून सर्व्हिसिंगआधीचं रीडिंग: डायल वर, पूर्ण चावी, अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्सच्या झोक्याचा कोन) १८५ अंश, बीट एरर (दोन बाजूंच्या झोक्यांतला वेळेचा फरक) २.६ मिलीसेकंद. झोका इतका लहान म्हणजे तेल वाळलेलं, किंवा मेनस्प्रिंग (चावीने आवळली जाणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग) मेलेली. इथे दोन्ही निघालं. बॅरलबाहेर (स्प्रिंगच्या डबीबाहेर) आल्यावर स्प्रिंग मोकळी फुलायला हवी; ही गच्च वेटोळ्यातच पडून राहिली.

नवी स्प्रिंग घेताना रुंदी आणि लांबी जुळवाच, पण जाडीत तडजोड नको. जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० टक्के जाड स्प्रिंग साधारण ३३ टक्के जास्त जोर लावते. मग बॅलन्स पूर्ण फेरीच्या जवळ जाऊन पॅलेट फोर्कला (चाकाचा एकेक दात सोडणाऱ्या फाट्याला) मागून धडकतो आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं.

धुताना पॅलेट फोर्क अल्कोहोलमध्ये टाकू नका. त्याचे दोन खडे शेलॅकने चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्याला लायटर फ्लुइड बरं. तेल द्यायचं ते वेगवान चाकांच्या ज्वेलना मोबियस ९०१० (घड्याळाचं पातळ तेल), सेंटर व्हीलला (मधल्या, हळू फिरणाऱ्या चाकाला) जाड तेल, पॅलेटच्या खड्यांच्या टोकांना मोबियसचंच ९४१५. पॅलेटचे पिव्हट (आसाची बारीक टोकं) कोरडेच ठेवायचे. ज्वेलच्या वाटीत तेल अर्ध्याच्या थोडं वर आलं की थांबा. काठोकाठ भरलेलं तेल पसरून निघून जातं आणि पिव्हट कोरडा पडतो.

आताचं रीडिंग २७२ अंश, ०.५ मिलीसेकंद. उभं धरल्यावर २३८, या वयाच्या मशीनला उत्तम.

डायल मात्र जशी होती तशीच. जुन्या घड्याळाची खरी ओढ तिथेच आहे: मशीनला नवा पार्ट मिळू शकतो, मूळ छपाई पुन्हा मिळत नाही. ओल्या कापसाचा एक फेरा लॅकरसकट अक्षरं उचलतो. नव्याने रंगवलेली डायल १०एक्स लूपखाली (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली) ओळखता येते: अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेघा खुणांशी न जुळणाऱ्या, सहाच्या खालचं ‘स्विस’ गायब. काट्यांवरचा पिवळट थर तर खरवडूच नका. तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक.

उरलेलं काम: अ‍ॅक्रिलिक काचेला पॉलिश, आणि चावी दिल्यावर २४ तासांनी पुन्हा रीडिंग. तेव्हा २०० च्या खाली गेलं तर बॅरल परत उघडायचा.