सलगमचा चेहरा

"भोपळा अमेरिकेचा गं. आमचा हा," म्हणत इथे आयर्लंडमधल्या शेजारच्या आजींनी काल, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या रात्री दिवा म्हणून कोरायला, माझ्या हातात भलामोठा सलगम ठेवला.

पाऊण तास चमच्याने कोरत होते. आतून नुसता दगड! अंगठ्याला फोड आला तेव्हा कुठे मूठभर गर निघाला. डोळे कापले, वेडेवाकडे दात कापले, आत मेणबत्ती लावली आणि दचकलेच. भोपळा हसरा दिसतो. हा मात्र वाळलेल्या माणसाच्या तोंडासारखा.

इथे मेयो परगण्यातल्या संग्रहालयात असाच एक चेहरा आहे, डोनेगल परगण्यातल्या फिनटाऊन गावचा, १९४३ साली आलेला. मूळ सलगम टिकणार नव्हता म्हणून त्याची प्लास्टरची प्रतिकृती केली.

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. आता तोच भोपळा परत येऊन डब्लिनच्या दुकानांत ढिगाने बसलाय.

पण मला रात्रभर आठवत राहिलं ते आजींचं निघतानाचं बोलणं. "लहानपणी आम्ही त्या रात्री शेकोटीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवायचो. घरची गेलेली माणसं येतात ना."

किती सहज म्हणाल्या! आयरिश भाषेत नोव्हेंबरचं नावच 'साविन', म्हणजे ज्यातून हॅलोविन आला त्या जुन्या सणाचं नाव.

मला पितृपक्षातलं बाबांचं पान आठवलं. आई त्यात अळूवडी आठवणीने वाढते, कडेची, कुरकुरीत.

तुमच्याकडे कुणासाठी काय वाढतात?