मर्सिडीज फेरीबोटीत चढत नाही

ओहोटीच्या वेळी रायबंदरच्या धक्क्यावरचा उतार जरा जास्तच खडा होतो. फोंड्याच्या माझ्या मामेभावाची फियाट, म्हणजे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, सायलेन्सर घासत खाली गेली आणि फेरीबोटीत जाऊन उभी राहिली. मागून येणारी काकांची मर्सिडीज मात्र धक्क्यावरच थांबली. काकांनी उतरून रॅम्पच्या टोकाशी साचलेलं खारं पाणी न्याहाळलं. "तुम्ही व्हा पुढे. मी बाणस्तारी-आमोण्याकडून येतो."

आम्हाला चोडण, मये करत डिचोलीला जायचं होतं. फेरीने नदी ओलांडली की पलीकडे लगेच खारफुटी आणि सलीम अली पक्षी अभयारण्य. काका हे सगळं चुकवून, तासभर वळसा घालून डिचोलीत पोचणार होते. का, तर चाकांच्या कमानीला खारं पाणी लागू नये.

गंमत अशी की काकांची ही मर्सिडीज १८० डी जुन्या काळी मडगावात टॅक्सी होती. १९६१ पूर्वी इथे पोर्तुगीज राज्य, त्यामुळे भारतातले आयातीचे निर्बंध लागू नव्हते. सीमेपलीकडे लोक फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, तेव्हा गोव्यात डिझेल मर्सिडीजमधून पाशिंजर फिरत होते. "जन्मभर माणसं वाहिली तिने, आणि आता शेडमध्ये चादर पांघरून बसलीय," हे मामेभावाचं ठरलेलं वाक्य.

गाडी वापरायची की जपायची, सकाळी पणजीहून निघतानाही हाच वाद. पणजी-रायबंदर रस्त्याचा पोर्तुगीज बांध १६३० च्या दशकातला. मामेभाऊ म्हणाला, "वापरात आहे म्हणून टिकलाय, काका." काका शांतपणे म्हणाले, "बांधाला क्रोम नसतं."

काकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मूळ इंजिन विकून दुसरंच बसवलेल्या, गंज न काढता वरून लांबी भरून ड्यूको मारलेल्या गाड्या त्यांनी ढिगाने पाहिल्यात. एकदा गेलेला भाग परत मिळत नाही. त्यांनी एका हबकॅपसाठी दोन वर्षं वाट पाहिली आहे. गाडीला त्यांनी व्हीए, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठीचा खास नंबरही घेतलाय. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला तो मिळतो, पण मग ती रोज चालवता येत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. डिचोलीच्या शाळेतलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, म्हणून तर ती आज बाहेर. पद्मिनी लवकरच पन्नाशी गाठेल. मामेभावाला असला नंबर फुकट दिला तरी नको आहे.

माझं मत त्याच्याकडे झुकतं, आणि कारण भावनेचं नाही, गोव्याच्या हवेचं आहे. ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेतं, उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात, रबरी सील वाळतात. काका दर रविवारी शेडमध्येच गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवतात, त्यानेही फार साधत नाही. सायलेन्सर पुरेसा तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं आणि पत्रा खातं.

एवढं सगळं मी मनात जुळवतोय तोच मयेच्या चढावर पद्मिनी फटफटली आणि बंद पडली. उन्हात पेट्रोलची वाफ धरली असेल म्हणून इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकलं. काही फरक नाही. शेवटी काकांना फोन.

ते आले ते कुणाच्या तरी स्कूटरवर. मर्सिडीज डिचोलीत सावलीला. "पळय," म्हणत त्यांनी प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, खिशातून फियाटचाच एक कंडेन्सर काढून बसवला. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. ज्यांच्याकडे फियाट नाही त्यांच्या खिशात फियाटचा कंडेन्सर का असतो, हे मी विचारलं नाही. पण काका नसते तर पद्मिनी चालवण्याच्या सगळ्या गप्पा मयेतच संपल्या असत्या, हे मामेभावालाही कळत होतं.

डिचोलीत भाजी-पाव खाताना तो एकदम नरमाईने वागत होता. चहाही त्यानेच सांगितला. काका कप हातात घेऊन पद्मिनीभोवती एक फेरी मारून आले.

"आरसे मारुतीचे लावलेयस."

"मागचं दिसतं ना त्यातून?"

"दिसण्याचा प्रश्नच नाही," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.