अठरा सेकंद

रविवार, रात्र

आज जुनं भिंतीवरचं घड्याळ पुसायला खाली काढलं आणि लंबकाच्या तळाशी असलेल्या छोट्या चाकीवर बोट थबकलं. अकरा वर्षांची होते मी तेव्हा.

आमच्याकडे शिक्षा म्हणजे या घड्याळाखाली, भिंतीकडे तोंड करून तासभर उभं राहायचं. दोन मिनिटं उशीर झाला, उभी राहा. दूध सांडलं, उभी राहा. मध्येच पाय बदलला की तास पुन्हा पहिल्यापासून. बाबा म्हणायचे, "घड्याळ खोटं बोलत नाही." आई कपाट आवरता आवरता हसायची. ते हसू जास्त लागायचं.

तासभर तिथे उभं राहून बघणार काय? लंबकच. चाकी वर फिरवली की गोळा वर सरकतो, लंबक आखूड होतो, झोके भराभर पडतात. पाव मीटरचा लंबक अडीच मिलिमीटरने आखूड केला की घड्याळ दिवसाला सात मिनिटं आणि वर थोडं पुढे पळणार, हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिला. डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवलं ते वेळ नेमकी कळावी म्हणून. मला ती चुकवायची होती.

एका रात्री स्टुलावर चढले. बाबा आपलं मनगटी घड्याळ रोज सकाळी यावरच लावायचे. चौथ्या दिवशी ऑफिसच्या बंद फाटकापाशी जवळजवळ अर्धा तास उभे राहिले. उभे! जेवताना ते आईला तणतणत हे सांगत होते आणि मी ताटात बघत गाल आतून चावत होते.

घड्याळवाला आला. चाकीवरची तेवढीच पुसलेली धूळ त्याने पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हवा बदलली की होतं असं," म्हणाला. चाकी जागेवर आणली, पैसे घेतले, गेला. माझ्या बाजूने बोललेला तो पहिला मोठा माणूस, आणि तोही खोटं.

खरी गंमत त्या रात्री अंथरुणात कळली. दिवसाला सात मिनिटं, म्हणजे तासाला जेमतेम अठरा सेकंद. एवढा खटाटोप करून माझी शिक्षा कमी झाली होती ती एवढीच. त्या चार दिवसांत मी दोनदा उभी राहिले होते.

म्हणजे छत्तीस.