कोलंबस, इंडियाना : डिझेल इंजिनाच्या गावात धंद्यानिमित्त

कोलंबस म्हटलं की सगळ्यांना आधी ओहायोतलं मोठं शहर आठवतं. हे ते नाही. हे इंडियानातलं, बार्थोलोम्यू कौंटीचं (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मुख्य ठिकाण, लोकवस्ती साधारण ५०,०००, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम तालुक्याचं गाव. पण पुण्यातल्या कुठल्याही मशीन शॉपवाल्याला विचारा, हे नाव त्याला पाठ असतं कारण डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं हेडक्वार्टर इथं आहे, आणि कमिन्स म्हणजे कोथरूड, कमिन्स म्हणजे १९६२ ची किर्लोस्कर कमिन्स, कमिन्स म्हणजे कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. आमच्या भोसरीत निम्म्या गल्ल्यांमध्ये कुणी ना कुणी थेट नाहीतर तिसऱ्याच्या मार्फत डिझेल इंजिनाचा काहीतरी पार्ट बनवतच असतो.

आम्ही पण त्यातलेच. कास्टिंग आणून मशिनिंग करायचं, ब्रॅकेट आणि फ्लँज. त्या भागातला एक कस्टमर (नाव घेत नाही, ऑर्डर चालू आहे) म्हणाला की माल बोटीने आला तरी चालेल पण दोन-तीन महिन्यांचा स्टॉक इथं गावात हाताशी पाहिजे, रोज सकाळी आम्ही लागेल तेवढा उचलणार, आणि उचलला की मगच बिल. म्हणजे पैसा आपला, गोडाऊन आपलं, गंज चढला तर तोही आपलाच. तरी गेलो, कारण हे व्हिडिओ कॉलवर ठरणारं काम नाही, शेड डोळ्यांनी बघायला लागतं.

इंडियानापोलिसला उतरून गाडी घेतली की आय-६५ ने दक्षिणेला तासाभराचा रस्ता. ऑक्टोबर होता त्यामुळे दोन्ही बाजूला मका वाळून उभा आणि त्यात कम्बाईन हार्वेस्टर फिरतायत, डोंगर नाही, घाट नाही, सपाट. हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागलं की एकदम डोक्यावर मोठी लालभडक कमान येते, पुलाचीच कमान. आणि पुढे नदी ओलांडताना दुसऱ्या पुलाच्या तारांमधून समोर विटांचं जुनं कोर्टहाऊस दिसतं, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. पूल बांधणाऱ्याने हे मुद्दाम जुळवून आणलंय हे नंतर कळलं. एवढ्याशा गावात पूल कुठून कसा दिसेल याचा विचार कुणी केला असेल असं आपल्या डोक्यात येतच नाही ना.

कोर्टहाऊस १८७४ चं. सगळं गाव त्याच्याभोवती, वॉशिंग्टन स्ट्रीट हा मेन रोड, आणि कौंटीची जी काही कामं आहेत, जमिनीची नोंद, टॅक्स, कोर्ट, लग्नाचं लायसन्स, ती सगळी या एका चौकात आणि आजूबाजूला पायी फिरून होतात. १८२१ मध्ये गाव वसवलं तेव्हा जनरल टिप्टन नावाच्या माणसाच्या नावावरून टिप्टोना म्हणायचे, ते महिनाभरात बदलून कोलंबस केलं. टिप्टनसाहेबांना काय वाटलं असेल ते सोडा.

कोर्टहाऊसच्या अंगणात एक स्मारक आहे, तिथं मी ठरवलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबलो. चुनखडीचे २५ खांब, प्रत्येक ४० फूट उंच, एकमेकांना खेटून चौकोनात उभे. बाहेरून दगड ओबडधोबड आहे, खाणीतून काढला तसा. आत शिरलं की गुळगुळीत, आणि त्यावर विसाव्या शतकातल्या लढायांत गेलेल्या या कौंटीतल्या पोरांची नावं आणि त्यांनी घरी लिहिलेली पत्रं कोरलेली आहेत. भाषणं नाहीत, पुतळा नाही. दोन खांबांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा, त्यामुळे कुणी समोरून आलं तर तुम्हाला बाजूला व्हावंच लागतं आणि मग आपोआप समोरच्या खांबावरचं पत्र वाचलं जातं.

आता धंद्याचं. कंपनी काढणं सोपं आहे, इंडियाना राज्याचं ऑनलाईन पोर्टल आहे, एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, घरबसल्या होते. घोडं पेंड खातं ते पुढे. टॅक्सचा नंबर, ज्याला ईआयएन म्हणतात, तो अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या माणसाला ऑनलाईन मिळत नाही, फोन करा नाहीतर टपालाने पाठवा नाहीतर फॅक्स करा. फॅक्स! भोसरीत फॅक्स मशीन शोधून दाखवा. आणि तो नंबर हातात असल्याशिवाय बँक खातं नाही, खातं नसेल तर शेडवाला बोलायला पण तयार नाही.

कौंटी असेसरच्या, म्हणजे टॅक्ससाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्याच्या, ऑफिसमध्ये गेलो ते मात्र उगाच घाबरत गेलो. सरकारी ऑफिस म्हटल्यावर आपली तयारी असते, झेरॉक्सचे तीन सेट, फोटो, सगळं. काउंटरवरच्या बाईंनी आधी कुठून आलात विचारलं, मग पुणे म्हटल्यावर "अच्छा, पुणे!" असं अगदी ओळखीचं गाव असल्यासारखं म्हणाल्या, आणि मग शांतपणे समजावलं की स्टॉकवर इथं प्रॉपर्टी टॅक्स नाही, तो इंडियानाने कधीच काढून टाकला, पण रॅक, फोर्कलिफ्ट, कॉम्प्युटर अशी धंद्याची सामग्री १ जानेवारीला तुमच्याकडे जी असेल ती फॉर्म १०३ वर लिहून १५ मेपर्यंत द्यायची. द्यायचीच, टॅक्स बसो न बसो. माझ्यामागे दोघं उभे होते, त्यातल्या एकानेही घसा खाकरला नाही.

शेडवाला आजोबांच्या वयाचा शेतकरी निघाला. मका आणि सोयाबीन करतो, गावाबाहेर पत्र्याची मोठी शेड भाड्याने देतो. भाडं ट्रिपल नेट, म्हणजे भाडं वेगळं, आणि वर जागेचा टॅक्स, इन्शुरन्स आणि देखभाल पण भाडेकरूच्याच माथी. हे मला माहीत होतं म्हणून बरं, नाहीतर स्क्वेअर फुटाचा नुसता आकडा ऐकून माणूस खूश होतो. माझी अडचण वेगळीच होती, त्याच्या शेडला दरवाजा जमिनीलगत होता. कंटेनरचा ट्रेलर येतो तो साधारण चार फूट उंच, डॉक, म्हणजे ट्रेलरच्या उंचीला जुळणारा धक्का, नसेल तर पॅलेट काढणार कशी? मी म्हटलं डॉक पाहिजे. तो काही बोलला नाही, बाहेर गेला, बुटांनी पावलं टाकत मागच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत मोजलं, एके ठिकाणी टाचेने माती उकरून बघितली, मग म्हणाला, "मका निघाला की खड्डा मारतो, खर्च माझा, पण तू पाच वर्षं राहायचं." मी म्हटलं तीन. तो परत शेताकडे बघायला लागला. मग मला विचारलं मुलं किती, कुठं शिकतात, आई-वडील आहेत का, त्यांना कोण बघतं. भाव सोडून बाकी सगळं बोलून झाल्यावर चार वर्षांवर हात मिळवला. आमची एलएलसी नवी त्यामुळे माझी वैयक्तिक गॅरंटी मागितली, ती दिली, न देऊन सांगतो कुणाला.

हे मी मुद्दाम लिहितोय कारण शिकागोच्या बाजूला आधी एका एजंटशी बोललो होतो, तिथं पंधरा मिनिटांत पीडीएफ आली आणि "शुक्रवारपर्यंत कळवा". इथं तसं होत नाही. इथं आधी माणूस बघतात. वेळ जातो, पण गावात एकदा तुमचं नाव चांगलं झालं की बँकवाला, ट्रकवाला, फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारा सगळे एकमेकांना ओळखतात. नाव खराब झालं तरीही तेच, हे विसरू नका.

आणि या गावाचा इतिहासच थांबणाऱ्या लोकांचा आहे. क्लेसी कमिन्स हा इथल्या अर्विन नावाच्या बँकवाल्या घरात ड्रायव्हर-मेकॅनिक. मालक डब्ल्यू. जी. अर्विन यांनी पैसे घातले आणि १९१९ मध्ये कंपनी निघाली. सुरुवातीची इंजिनं सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून विकली, त्यात माल परत घेण्याची अट, शेतकऱ्यांनी हंगामात वापरून परत केली आणि कंपनी गोत्यात आली. १९२९ च्या ख्रिसमसला क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवून मालकालाच चक्कर मारून आणली, परत पैसे मिळाले. १९३१ ला इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत यांची डिझेल गाडी एकदाही न थांबता पळाली, नंबर तेरावा आला, पण न थांबता! आणि पहिला नफा कधी? १९३७. म्हणजे १८ वर्षं तोट्यात. आपल्याकडे सासरे सोडा, सख्खा भाऊसुद्धा तिसऱ्या वर्षी हिशोब मागतो.

त्याच घरातले पुढचे जे. अर्विन मिलर. यांच्यामुळे हे गाव आर्किटेक्चरच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा भराभर बांधायच्या होत्या आणि बांधल्या जात होत्या त्या भिकार, म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी शाळा बोर्डाला सांगितलं की आम्ही देतो त्या यादीतला चांगला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल. बांधकामाचा खर्च जनतेच्या पैशातूनच, फक्त फी यांची. धंदेवाला म्हणून मला हे फार आवडलं. फी म्हणजे एकूण खर्चाचा लहान तुकडा, पण गावाची सगळी क्वालिटी त्याच तुकड्यावर ठरते. शिवाय यात स्वार्थ आहे आणि तो काही वाईट नाही, मक्याच्या शेतांच्या मधोमध चांगले इंजिनिअर यायला आणि बायका-मुलांसकट टिकायला हवे असतील तर शाळा चांगली पाहिजे. आपल्याकडे कंपन्या बस स्टॉपवर स्वतःचा बोर्ड लावतात आणि त्याला सीएसआर म्हणतात. असो.

परिणाम असा की फायर स्टेशन रॉबर्ट व्हेंचुरींचं, लायब्ररी आय. एम. पेई यांची, तिच्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची भलीमोठी हिरवट ब्राँझची कमान जिच्याखालून पोरं सायकली घालतात. १९४२ चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च एलिएल सारिनेन यांचं, आणि पोरगा ईरोने १९५४ मध्ये अर्विन बँकेची काचेची इमारत केली. जुन्या बँका म्हणजे जाड दगड आणि गजांची खिडकी, इथं रस्त्यावरून आतला कॅशिअर दिसतो. ती बँक २००९ मध्ये बुडाली, इमारत राहिली, नंतर तिथं कमिन्सचं कॉन्फरन्स सेंटर झालं. ईरोचंच नॉर्थ ख्रिश्चन चर्च, १९२ फुटांचा सुईसारखा कळस, तिथली मंडळी कमी होत होत २०२२ मध्ये चर्च बंद झालं आणि इमारत कौंटीच्या लायब्ररीकडे गेली. मला सगळंच आवडलं असं नाही. कमिन्सचं १९८३ चं ऑफिस बाहेरून नुसतं काँक्रीट आणि लांबलचक, फक्त त्याच्या पोटात जुनी विटांची गिरणी न पाडता तशीच ठेवलीय ते झकास.

जेवणाचं सांगतो. आठ वाजता गाव झोपायला लागतं. पहिल्या रात्री मी हॉटेलात मॅगी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, साडेआठला इथं कोण वाढतंय तुम्हाला? सरळ इकडे यायचं ना." मग पिठलं, भाकरी, आणि बोलता बोलता कळलं की त्यांच्या गल्लीतच कोथरूड, सांगली, नाशिक असे सगळे आहेत, काही कायमचे, काही दोन वर्षांसाठी आलेले, आणि दोन वर्षांवाल्यांचं सामान जाताना पुढचे दोन वर्षांवाले विकत घेतात, कुकरसकट.

दुपारी मात्र झाहाराकोसला जाच. ग्रीक भावांनी १९०० साली काढलेलं आइस्क्रीमचं दुकान, कोर्टहाऊसपासून चालत. आत संगमरवरासारखे दगडी सोडा फाउंटन आणि एक वेल्टे कंपनीचा १९०८ चा ऑर्केस्ट्रियॉन, म्हणजे माणूस नसताना आख्खा वाद्यवृंद वाजवणारं कपाट. पाइप, ढोल, झांजा, सगळं हवेवर आणि कागदाच्या रोलवर चालतं. मी आइस्क्रीम वितळू दिलं आणि त्याचे व्हॉल्व्ह बघत बसलो, वेट्रेस म्हणाली इंजिनिअर लोक सगळे असंच करतात.

कुणी माल पाठवणार असेल तर दोन गोष्टी. लाकडी पॅलेटवर हीट ट्रीटमेंटचा आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का असलाच पाहिजे, आणि पॅलेटचं माप ४८ बाय ४० इंच ठेवा, तिथले रॅक त्याच मापाचे असतात. कास्टिंग व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणाऱ्या, पिशवीत, आत सिलिका जेल, नाहीतर समुद्रातल्या दमटपणाने माल तांबडा होऊन उतरतो. आणि नुसतं फिरायला जाणार असाल तर मिलर यांच्या घराची टूर आधी बुक करा, व्हिजिटर सेंटरमधून बसने नेतात, आयत्या वेळी जागा मिळत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शक्यतो टाळा, तेव्हा इंडी ५००, म्हणजे तीच ५०० मैलांची शर्यत, असते आणि आख्ख्या परिसरात हॉटेलचे भाव आभाळाला भिडलेले असतात.