मीनलच्या नावाने येणारा प्रश्न

ठाणे, रथसप्तमी

यंदाचं हळदीकुंकू आटोपलं. वाण पुरलं, तिळगूळ मात्र डबाभर उरलाय. दरवर्षीप्रमाणे माझ्या सुनेकडे, मीनलकडे बघत मला विचारणाऱ्या निघाल्याच, "काय मग, गोड बातमी कधी?" यंदा मी सरळ सांगून टाकलं, "तिला दिवस राहणं धोक्याचं आहे. जिवावर बेतेल." त्यावर एक म्हणाली, "अहो, आजकाल सगळ्यावर उपाय असतात." उपाय असतात, मान्य. पण कशावर आहेत आणि कशावर नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलंय. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी उत्तर देताना अडखळायला नको.

मीनलच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि लहानपणी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या छिद्रातून जास्तीचं रक्त वर्षानुवर्षं फुफ्फुसांकडे जात राहिलं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत गेल्या, आतला दाब वाढत गेला. यालाच डॉक्टर पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. ठाणे स्टेशनचा पूल चढताना तिला धाप लागायची, तेव्हा रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, खरं काय ते दिसलं. मग शिरेतून नळी घालून फुफ्फुसांकडच्या वाहिनीतला हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी माणसात तो सरासरी 20 च्या आत असतो. हिचा 50 च्या पुढे निघाला. आता छिद्र बुजवायलाही उशीर झालाय. एवढ्या दाबाला ती एक वाट आहे, ती बंद केली तर हृदयाची उजवी बाजूच थकून जाईल.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. धडधाकट बाईच्या फुफ्फुसातल्या वाहिन्या सैलावतात आणि ते सामावून घेतात. हिच्या वाहिन्या सैलावतच नाहीत. मला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. आम्हा बायकांच्या हिशेबात बाळ रडलं की सुटलो. इथे खरी भीती तिथून सुरू होते. गर्भाशय आकसतं, तिथलं रक्त एकदम उलट हृदयाकडे येतं, आणि प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस, अगदी महिनाभर, सर्वात घातक असतात. रक्ताच्या गुठळ्यांची धास्ती वेगळीच. जुन्या नोंदींत अशा बायकांमधल्या 100 पैकी 30 ते 50 दगावत. आता मोठ्या रुग्णालयांत आकडा खाली आलाय, पण कुठल्याही आईने "चालेल" म्हणावं इतका नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हा आजार चौथ्या, म्हणजे शेवटच्या गटात आहे: गर्भधारणा नकोच. शिवाय या दुखण्यावरच्या काही गोळ्या, बोसेंटानसारख्या, गर्भाला व्यंग आणू शकतात.

हृदयाचं दुखणं म्हटलं की सगळ्यांनाच मनाई, असंही नाही हं. आमच्या सोसायटीतल्या एकीची झडप संधिवाताच्या तापाने आवळली होती. आधी फुग्याने ती रुंद करून घेतली, मग दिवस राहिले, आणि मुलगा आता बालवाडीत जातो. म्हणून आधी तपासणी आणि हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला, मग पाळणा. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं.

चुकून दिवस राहिलेच तर? ते लवकरात लवकर थांबवणं त्यातल्या त्यात कमी धोक्याचं, तेही मोठ्या रुग्णालयातच. गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन काही परिस्थितींत मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली, आणि आईचा जीव वाचवण्यासाठी लगेच गर्भपात करावा लागला तर त्याला ती आठवड्यांची अट लागत नाही. पण तिथवर येऊच द्यायचं नाही, यावर आमचं सगळ्यांचं एकमत आहे. नेहमीच्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं, त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो. बोसेंटानने तर अशा गोळ्यांचा असरही कमी होतो. मीनलने आधीच दुखणं सोसायचं, गोळ्या गिळायच्या, वर हेही तिनेच का सांभाळायचं? माझा मुलगा ओंकार आपणहून म्हणाला, "आई, मी नसबंदी करून घेतो." बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी. फक्त लगेच निर्धास्त व्हायचं नाही, तीन महिन्यांनी तपासणीत बीज उरलं नाही असं दिसेपर्यंत दुसरी काळजी घ्यायची.

मूल दत्तक घ्यायचं का, ते दोघं बघतील. मी विषय काढलेला नाही, काढणारही नाही.

मघाशी डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. मीनलच्या जिवाला धोका आहे हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओंकारच्या ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा मात्र किंचाळल्याच, "अगं, तरण्याताठ्या पोराला?" म्हटलं, "हो वन्सं, त्यालाच. पुढच्या शनिवारी आहे. तुम्ही येणार असाल तर येताना थोडी अळूची पानं आणा."